पेन्शनीत मिळालेले स्कॅनर

कोडॅक म्हटलं की आपल्याला आठवतो तो पिवळा डबा आणि छत्तीस फोटोंचा रोल. "डिजिटल कॅमेरा स्वतःच्या प्रयोगशाळेत बनवला आणि तरी बुडाली" ही तिची कथा तर मॅनेजमेंटच्या वर्गांत इतक्यांदा सांगून झाली आहे की आता नवं काही उरलेलं नाही. पण त्याच कंपनीच्या छत्राखाली आणखी एक घराणं नांदत होतं, कागदपत्रांचे फोटो काढणाऱ्या यंत्रांचं. त्याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मला ती जास्त आवडते, कारण तिच्या सुरुवातीला एक बँकवाला आहे आणि शेवटाकडे हजारो पेन्शनर!

हा बँकवाला म्हणजे जॉर्ज मॅकार्थी. न्यूयॉर्कच्या एम्पायर ट्रस्ट कंपनीत तो अधिकारी होता. अमेरिकेत तेव्हा वटलेले चेक बँक खातेदाराला परत पाठवून देई. आपल्याकडे असा चेक बँकेतच राहत आला, त्यामुळे ही पद्धत आपल्याला जरा विचित्रच वाटते. चेक एकदा परत गेला की बँकेकडे उरायची फक्त खतावणीतली एक ओळ. उद्या खातेदार येऊन म्हणाला, "ही सही माझी नाहीच" किंवा "आकडा एवढा नव्हता", तर दाखवायचं काय? मॅकार्थीने यावर तोडगा काढला. सरकत्या पट्ट्यावरून चेक जाऊ द्यायचे आणि वरून सिनेमाच्या फिल्मवर त्यांचे फोटो घ्यायचे. 1925 मध्ये त्याने या यंत्राचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं 'चेकोग्राफ'. 1928 मध्ये कोडॅकने हा शोध विकत घेतला आणि 'रेकॉर्डॅक' नावाने त्याचा धंदा सुरू केला.

यातली खरी हुशारी फोटो काढण्यात नव्हती, कागद चालता ठेवण्यात होती. साध्या कॅमेऱ्याने एकेक चेक मांडून फोटो काढायचा तर दिवस पुरणार नाही. रेकॉर्डॅकमध्ये चेकही सरकत असे आणि फिल्मही सरकत असे, दोन्हींची गती एकमेकांशी जुळवलेली. मध्ये एक अरुंद फट. त्या फटीतून चेकची जेवढी पट्टी दिसे तेवढीच त्या क्षणी फिल्मवर उतरे. असं पट्टीपट्टीने पूर्ण चित्र तयार होई. ही फट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

बँकांनंतर वर्तमानपत्रांचा नंबर लागला. 1935 पासून रेकॉर्डॅकने न्यूयॉर्क टाइम्सचे अंक फिल्मवर घ्यायला सुरुवात केली. मग महायुद्ध आलं. सैनिकांची पत्रं समुद्रापार न्यायची, पण जहाजांत आणि विमानांत जागा कुठे होती? त्यावर 1942 मध्ये अमेरिकेने 'व्ही-मेल' सुरू केली. ठरावीक कागदावर पत्र लिहायचं, त्याचा फोटो फिल्मवर घ्यायचा, फिल्म विमानाने पाठवायची आणि पलीकडे छोट्या आकारात छापून पत्र घरपोच द्यायचं. दीड लाख पत्रांच्या कागदाचं वजन सुमारे 1,170 किलो भरे, ते फिल्मवर सुमारे 20 किलोवर आलं. चेकवरची सही सांभाळायला जन्मलेलं यंत्र आता आईची पत्रं मुलापर्यंत पोचवू लागलं होतं.

1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला. पडलेल्या प्रकाशाचं विजेच्या भारात रूपांतर करून तो ओळीने मोजता येईल अशी ही चिप. 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसनने जो डिजिटल कॅमेरा बनवला, त्यातही सीसीडीच होता. पण कागदपत्रांच्या यंत्रांत ही चिप जशी चपखल बसली तशी क्वचितच कुठे बसली असेल. कारण मॅकार्थीची फट तयारच होती! फटीमागे सरकती फिल्म होती, तिथे आता सेन्सरची एक स्थिर रांग आली. कागद पूर्वीसारखाच पुढे सरकत राहिला. 1990 च्या दशकात कोडॅकचे 'इमेजलिंक' स्कॅनर बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांत ढिगाने कागद गिळू लागले.

कोडॅकच्या या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कागद हा महाबेरकी प्राणी आहे. तो चिकटतो, दुमडतो, तिरका जातो, दोनदोन पानं हातात हात घालून निघतात. म्हणून चांगल्या स्कॅनरमध्ये अल्ट्रासॉनिक लहरी सोडून एकाच वेळी दोन पानं तर गेली नाहीत ना हे तपासतात, तिरकं आलेलं चित्र सरळ करतात, कोरी पाठ वगळतात. गंमत म्हणजे कोडॅकने उलट दिशेचं यंत्रही बनवलं. 'आर्काइव्ह रायटर' हे यंत्र संगणकातली चित्रं परत मायक्रोफिल्मवर उतरवायचं. फाइल उघडायला योग्य सॉफ्टवेअर लागतं. फिल्म वाचायला भिंग आणि उजेड पुरतो.

19 जानेवारी 2012 रोजी कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या मोठ्या धनकोंमध्ये ब्रिटनमधल्या कोडॅक कर्मचाऱ्यांची पेन्शन योजना होती. लंडनजवळ हॅरो इथे 1891 पासून कोडॅकचा कारखाना होता, तिथे पिढ्या न् पिढ्या राबल्या होत्या. पेन्शनची हमी अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिली होती. योजनेचा दावा होता 2.8 अब्ज डॉलर्सचा, आणि कंपनीकडे पैसे नव्हते. एप्रिल 2013 मध्ये तोड निघाली. पेन्शन योजनेने दावा सोडायचा, वर काही रक्कमही मोजायची आणि बदल्यात फोटोंच्या छपाईचा आणि स्कॅनरचा धंदा घ्यायचा. सप्टेंबर 2013 मध्ये त्यातून 'कोडॅक अलारिस' उभी राहिली.

म्हणजे पेन्शनच्या बदल्यात स्कॅनर! यंत्रं विकली गेली तर निवृत्तांचं भागणार. योगायोग असा की त्याच एप्रिल 2013 मध्ये मुंबईत चेक ट्रंकेशन सुरू झालं. चेक जमा केलेल्या बँकेतच थांबू लागला आणि क्लिअरिंगला फक्त त्याचं चित्र जाऊ लागलं.

धंदा वाईट नव्हता, पण एवढं ओझं पेलण्याइतका मोठाही नव्हता. निवृत्तांनी आधीच पूर्वीच्या वचनापेक्षा कमी लाभांची नवी योजना स्वीकारली होती. अखेर 2020 मध्ये तीही ब्रिटनच्या पेन्शन प्रोटेक्शन फंडाच्या आसऱ्याला गेली. 2024 मध्ये कोडॅक अलारिस 'किंग्जवुड कॅपिटल मॅनेजमेंट' या गुंतवणूक संस्थेने विकत घेतली.

मला राहून राहून वाटतं ते एवढंच. चेक हे वचन असतं आणि पेन्शन हेही वचनच. मॅकार्थीच्या यंत्राने वचनाची नक्कल जपायची सोय केली आणि शंभर वर्षांत ती अधिकाधिक स्वच्छ होत गेली. त्या निवृत्तांकडेही कागद होते, सहीशिक्क्यानिशी. ते खोटे आहेत असं कोणीच म्हणत नव्हतं. पुरावा शाबूत होता. देणाऱ्याचा खिसाच रिकामा झाला होता.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन पेन्शन चालू ठेवणाऱ्या आमच्या घरातल्या ज्येष्ठांनी हे वाचावं, असं मनापासून वाटतं. पेन्शनर हयात आहे हे दरवर्षी कागदावर सिद्ध करावं लागतं. कंपनीची हयात मात्र कोणी विचारत नाही.