चार बाजू आणि एक कर्ण

शेताच्या चारही बाजू मोजल्या म्हणजे शेत मोजले, हा समज फार जुना आहे आणि तो अनेकांना महागात पडलेला असणार. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याच समजावर वैतागला होता. मेगालोपोलिस शहराचा घेर 50 स्टेडिया (लांबीचे ग्रीक माप) आणि स्पार्टाचा 48, तरीही स्पार्टा दुपटीने मोठे, हे लोकांना खरेच वाटत नाही, असे तो लिहितो. पण हा समज अडाण्यांपुरता नव्हता. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळावर दानजमिनींच्या नोंदी कोरलेल्या आहेत. त्यांत समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन सरासरींचा गुणाकार केलेला दिसतो. हाच नियम आपल्याकडे ब्रह्मगुप्ताच्या 628 सालच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त आहे. त्याने त्याला स्थूल, म्हणजे ढोबळ, म्हटले आणि सूक्ष्म, म्हणजे अचूक, क्षेत्रफळाचे वेगळे सूत्र दिले. मात्र तेही चार बाजूंवरच चालते. चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तेव्हाच ते खरे ठरते.

या दोन्ही नियमांचे दुखणे नेमके कुठे आहे, हे भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त एका उदाहरणाने उघडे केले. प्रत्येक बाजू 25, म्हणजे घेर 100. कोपरे काटकोनी असतील तर क्षेत्रफळ 625. तीच चौकट थोडी कलंडली, कर्ण 30 आणि 40 झाले, की 600. आणखी कलंडून कर्ण 14 आणि 48 झाले, की उरते अवघे 336. बाजू तसूभरही हलल्या नाहीत, जमीन मात्र जवळजवळ निम्मी झाली. स्थूल आणि सूक्ष्म, दोन्ही सूत्रे तिन्ही वेळा 625 च सांगतात. म्हणूनच कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्य पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठा पिशाच. हा संताप मला रास्त वाटतो.

यावर कोणी म्हणेल, शेते बहुधा काटकोनाच्या जवळपासच असतात, तेव्हा स्थूल नियमाने काय बिघडते? एका शेतात फारसे बिघडत नाही, हे खरे. पण ही चूक कधी इकडे, कधी तिकडे होत नाही. काटकोनी शेतात उत्तर बरोबर येते, बाकी प्रत्येक चौकोनात ते जास्तच येते. सारा क्षेत्रावर आकारला, तर दर वेळी भुर्दंड कसणाऱ्यालाच. ज्या चुकीचे ओझे नेहमी एकाच बाजूला पडते, तिला किरकोळ म्हणता येत नाही.

पुढे इंग्रजी अमदानीतल्या मोजणीत शंकू-साखळीने (काटकोन साधायचा शंकू आणि लांबी मोजायची साखळी) शेतात आधाररेषा टाकून, तिच्यावर लंब काढून, त्रिकोण पाडून क्षेत्र काढण्याची रीत रुळली. भास्कराचार्य मागत होते तो लंब असा मोजणीत आला. आजही प्लॉटच्या कागदावर नुसती चार बाजूंची मापे असतील, तर सही करण्यापूर्वी एका कर्णाचे माप जरूर मागून घ्या.