हरिश्चंद्राच्या कारखान्यातली रात्रपाळी

दार लावून घ्या. फटीतून उजेड येत असेल तर तिथे कापडाचा बोळा कोंबा. आता फक्त लाल दिवा. डोळे सरावायला वेळ लागेल. तोवर शेजारचं यंत्र कानांनी ओळखा. खट्, खट्, खट्. साल 1912. दादर मेन रोडवरचा मथुरादासांचा बंगला. तुमच्या बाजूला बसलेल्या बाईंनी दिवसभर साठ-सत्तर माणसांचं रांधून वाढलं आहे, सगळ्यांची ताटं उचलली आहेत, पोरांना निजवलं आहे आणि मग त्या या खोलीत आल्या आहेत. त्यांचं नाव सरस्वतीबाई फाळके.

त्या काय करतात ते नीट बघा, कारण थोड्या वेळाने तुम्हालाही हेच करायचं आहे. कोरी फिल्म विलायतेहून येते तेव्हा तिच्या कडा सलग असतात. कॅमेऱ्यातल्या दात्यांनी ती पुढे ओढावी म्हणून दोन्ही कडांना छिद्रं पाडावी लागतात, तीही अंधारात. पांढरा उजेड लागला की फिल्म गेली, पैसे गेले. लाल दिवा तेवढा चालतो. या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नाही. एका फुटात 16 चौकटी. प्रत्येक चौकटीला या कडेला चार छिद्रं, त्या कडेला चार. म्हणजे फुटाला 128. पुरा झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपट 3700 फूट भरणार आहे, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रं, आणि यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही. एखादं छिद्र किंचित सरकलं तरी पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरणार.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. ही फिल्म नायट्रेटची आहे, ठिणगी पडली तर भडकणारी. आणि याच घरात दिवसभर चूल पेटलेली असते.

तुम्ही उद्योग उभा करायला निघाला आहात म्हणून तुम्हाला इथे आणलं. नव्या धंद्यातल्या अडचणी म्हटलं की आपण भांडवल, बाजार आणि परवाने मोजतो. त्या असतातच. पण धंदा उभा करताना सगळ्यात मोठं कर्ज माणूस स्वतःच्या शरीराकडून आणि घरच्यांकडून काढतो, आणि ते कुठल्याच वहीत चढत नाही. या घरात ते डोळ्यांनी दिसतं.

थोडं मागे चला, 1911 सालात. दिवस उजाडला आहे, पण धुंडिराज गोविंद फाळके यांना तो दिसत नाही.

त्यांचं वय चाळिशीच्या पुढे गेलं आहे. त्र्यंबकेश्वरचा जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला होता. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेलं. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली. छापखाना काढला, तो नावारूपाला आला, जर्मनीला जाऊन तिथली रंगीत छपाई पाहून आले, आणि मग भागीदारांशी बिनसलं. भरल्या छापखान्यातून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. अशा दिवसांत गिरगावातल्या एका थिएटरात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी येतील, या विचाराने त्यांना पछाडलं.

पछाडलं हा शब्द मी जपून वापरतो आहे. रोज संध्याकाळी चार-पाच तास ते चित्रपटगृहात जाऊन बसत. घरी आल्यावर मेणबत्ती आणि भिंग घेऊन फिल्मचे तुकडे भिंतीवर पाडून बघत. झोप जवळजवळ नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला. समोरचं दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार झाले आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी हळूहळू परत आली.

त्या मधल्या दिवसांत तुम्ही फाळक्यांच्या घरात उभे आहात. नोकरी नाही, छापखाना नाही, घरचा कर्ता माणूस भिंत चाचपत चालतो, आणि त्याने डोळे घालवले ते असं काहीतरी शिकताना, जे या देशात शिकवणारं कुणी नाही. नातेवाईक येऊन जातात. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न तुम्हाला वाचता येतो, कारण तो तुमच्याही घरी कधीतरी कुणीतरी डोळ्यांनीच विचारला आहे. या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे चित्रपट चालला, म्हणून आज ते उत्तर आहे असं वाटतं. तेव्हा ते नव्हतं, हे लक्षात ठेवूनच इथे उभे राहा.

दृष्टी आली आणि पहिला व्यवहार झाला तो विम्याच्या पॉलिसींचा. बारा हजारांच्या पॉलिसी तारण ठेवून दहा हजारांचं कर्ज. या आकड्यांपाशी क्षणभर थांबा. विमा नवऱ्याच्या नावावर उतरवलेला असतो, पण तो असतो मागे राहणाऱ्यांसाठी. फाळके 1 फेब्रुवारी 1912 रोजी बोटीत बसले तेव्हा बोटीवर किंवा लंडनच्या थंडीत त्यांचं काही बरंवाईट झालं असतं, तर सरस्वतीबाई आणि मुलांच्या हाती पडणारा पैसा सावकाराकडे अडकलेला होता. जोखीम कुणी घेतली, असं तुम्हाला कुणी विचारलं तर एकच नाव सांगू नका.

लंडनचा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांची भेट, त्यांनी आधी या धंद्यात पडू नका म्हणून केलेला उपदेश आणि नंतर केलेली मदत, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा. 1 एप्रिलला ते मुंबईत परतले. पाठोपाठ यंत्रसामग्री आली.

आता खिडकीतल्या कुंडीकडे या. तीत वाटाणा पेरला आहे. कॅमेरा तिच्यावर रोखलेला, आणि ठरलेल्या वेळी एकेक चौकट घेतली जाते. अंकुर फुटतो, वेल होतो. महिनाभराचं वाढणं पडद्यावर मिनिटभरात दिसतं. पुढचं कर्ज मिळालं ते या मिनिटभराच्या फिल्मवर. तेही आपोआप नाही. मालमत्ता गहाण पडली, आणि सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिनेही गेले. फिल्म धुणं, भरणं, छिद्रं पाडणं हे फाळक्यांनी त्यांना शिकवलं. माझ्या मते हीच या घराची खरी ताकद होती. नवरा कशापायी वेडा झाला आहे हे त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं, ते त्यांना स्वतःच्या हातांनी करता येत होतं. फिल्म बिघडली तर का बिघडली, हे दोघांनाही कळत होतं. ‘मी तुमच्या पाठीशी आहे’ एवढंच म्हणणारी माणसं धंद्यात खूप भेटतात. काम येणारी भेटत नाहीत.

आवारात या. ऊन चढलं आहे. सेट उभा आहे, कापडावर महाल रंगवला आहे. सरस्वतीबाई आता पांढरी चादर धरून उभ्या आहेत, उन्हाचा उजेड नटांच्या चेहऱ्यावर परतवायला. दुसरं टोक तुम्ही धरा. हलू नका. कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरतं, त्रिंबकराव तेलंग ते एका लयीत फिरवत आहेत. समोर हरिश्चंद्राची राणी तारामती म्हणून उभे आहेत ते अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारे. स्त्रीपात्रासाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, कोठ्यांवरही विचारून झालं. शेवटी हा सडपातळ हातांचा तरुण सापडला. हॉटेलात महिना दहा रुपये मिळत, इथे पंधरा. मिशी काढायला विरोध झाला, कारण बाप हयात असताना मिशी कशी काढायची. नाटकात काम करणाऱ्यालाही तेव्हा लोक नाकं मुरडत, आणि हे तर नाटकही नव्हतं. म्हणून काम कुठे करता असं कुणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ असं सांगायचं, अशी सूचना सगळ्यांना होती.

चादर खाली ठेवा. पुढचा प्रसंग वांगणीचा आहे, आणि तिथे तुम्हाला नेताना मला जड जातं.

मंडळी बाहेरच्या चित्रीकरणासाठी गेली. ढाली-तलवारी घेतलेली माणसं पाहून गावाला वाटलं, दरोडेखोर आले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, कॅमेरा उघडून दाखवावा लागला, तेव्हा सुटका झाली. हा भाग लोक हसत सांगतात. दुसरा भाग असा की हरिश्चंद्राच्या मुलाच्या, रोहिदासाच्या कामासाठी कुणीच आपला मुलगा द्यायला तयार नव्हतं, कारण या मुलाला पडद्यावर मरायचं होतं. मग फाळक्यांनी आपला भालचंद्र घेतला. वांगणीला तो खेळता खेळता खडकावर पडला. डोक्याला जखम झाली, रक्त आलं, शुद्ध हरपली. फाळक्यांनी जवळच्या प्रथमोपचाराच्या पेटीतून मलमपट्टी केली. काम थांबवू, पोर सावरू दे, असं बाकीच्यांनी सुचवलं. राहिलेला प्रसंग होता रोहिदासाला चितेवर ठेवण्याचा. त्यात मुलाने निपचित पडायचं होतं. फाळक्यांनी भालचंद्राला त्याच अवस्थेत चितेवर ठेवलं आणि प्रसंग टिपला.

तुम्ही चितेच्या लाकडांपासून चार हातांवर उभे आहात. काय करणार?

ही गोष्ट निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगता येत नाही. हरिश्चंद्राने सत्यासाठी मुलगा पणाला लावला ही कथा वेगळी. इथे मुंबईला परतायचं भाडं, सत्तर जणांचं जेवण, गहाण पडलेले दागिने आणि संपत आलेली फिल्म यांच्या हिशेबात एका पोराचं डोकं आलं. फाळके निर्दय होते असं मी म्हणत नाही. आणखी एक दिवस काम लांबवायची सोयच ज्याने ठेवलेली नाही, त्याच्या हातून असं घडू शकतं, एवढंच मला दिसतं. वेड लागल्याशिवाय नवं काही उभं राहत नाही, हे खरं आहे. त्या वेडाला ‘आज थांबू’ म्हणायचा अधिकार असलेला कुणीतरी माणूस कामावर हजर असायला हवा, हेही तितकंच खरं आहे. तुमच्या कामात तो कोण आहे, याचं उत्तर चितेपाशी पोहोचायच्या आधी ठरलेलं बरं. भालचंद्र पुढे बरा झाला, म्हणून आपल्याला या प्रसंगाकडे पुन्हा पाहता तरी येतं.

21 एप्रिल 1913. ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ. 3 मे रोजी सँडहर्स्ट रोडच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी. गर्दी झाली, मुक्काम वाढला. इथे फार रेंगाळायचं कारण नाही, यशाला सोबत लागत नाही. सुरतेला मात्र चला. तिथे पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये. लोक रात्रभराचं नाटक बघायला सरावलेले, दीड-दोन तासांत आटपणाऱ्या खेळाला पैसे कोण देणार? मग फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत. गल्ला फिरला. डोळे गमावून बसलेल्या, पॉलिसी गहाण टाकलेल्या माणसाला अजून गिऱ्हाईक ओळखायची उमेद होती. त्या जाहिरातीत मला त्याची तब्येत सुधारल्याची खूण दिसते.

त्यानंतर फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला गेले. महायुद्ध आलं, पैशाचे मार्ग आटले, पुन्हा उधारी झाली. 1917 च्या ‘लंकादहन’ने रांगा लावल्या, आणि 1 जानेवारी 1918 पासून हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. भांडवलवाले भागीदार मिळाले. ज्या पैशासाठी दागिने गहाण पडले होते तो आता न मागता समोर होता, आणि फाळके त्यात कामाचे भागीदार होते.

या कंपनीच्या कचेरीत शिरा. इथे वही आहे, कारकून आहे, खर्चाला मंजुरी घ्यावी लागते. भागीदारांना चित्रपट वेळेत आणि खर्चाच्या मर्यादेत हवे आहेत, आणि व्यवहार म्हणून ती मागणी वावगी नाही. फाळक्यांना प्रत्येक चौकट आपल्या मनासारखी हवी आहे. मथुरादासांच्या बंगल्यात हे भांडण झालं नसतं, कारण तिथे पैसा देणारी बाईच फिल्मला छिद्रं पाडत होती. एक फूट वाया गेला तर काय गेलं हे तिला बोटांनी ठाऊक होतं. इथल्या माणसांना फक्त रक्कम ठाऊक आहे. आणि रक्कम सोडून बाकी सगळं आपल्यालाच कळतं असं फाळक्यांना वाटतं. सल्ला ऐकून घेण्याची सवय त्यांना छापखान्यातही नव्हती. छापखान्यातून बाहेर पडण्याचा प्रसंग दहा वर्षांच्या आत पुन्हा तसाच घडला. 1919 साली ‘कालिया मर्दन’ आला, कृष्णाच्या कामात मुलगी मंदाकिनी. गर्दी लोटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत फाळक्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि कुटुंब घेऊन काशीची वाट धरली.

हवं तर तुम्ही काशीपर्यंत त्यांच्याबरोबर जा. तिथे ते स्वस्थ बसले नाहीत. ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, त्याची जुळवाजुळव केली. परत या म्हणणारे पुष्कळ होते. 1922 साली ते नाशिकला, त्याच कंपनीत परतले आणि चित्रपट करू लागले. मात्र आता ते भागीदार नव्हते. दरमहा पगार घेत होते.