अमेरिकेची नसलेली ‘अमेरिकन’ बोंडअळी

मंडळी, आज आपण ज्या पतंगाचा इतिहास पाहणार आहोत, त्याची अळी आपल्या शेतात रोजची आहे. हरभऱ्यावर ती घाटे अळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि कपाशीवर अमेरिकन बोंडअळी. पहिली दोन नावं ती काय खाते ते सांगतात. तिसरं मात्र फसवं आहे, कारण ही अळी मुळात अमेरिकेची नाहीच.

सुरुवात लिनियसपासून करू. १७५८ साली त्याने निशाचर पतंगांच्या एका गटाला ‘नॉक्टुआ’ म्हटलं. लॅटिनमध्ये नॉक्टुआ म्हणजे छोटं घुबड. आपला पिंगळा म्हणा ना! पुढे याच शब्दावरून नॉक्टुइडी हे कुळ आलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ऑग्सबुर्गच्या ह्यूब्नरने आपल्या पतंगाला ‘नॉक्टुआ आर्मिजेरा’ हे नाव दिलं. आर्मिजेरा म्हणजे शस्त्रधारी. नंतर तो ‘हेलिओथिस’ या प्रजातीत गेला. आपल्याकडच्या शेतकीच्या जुन्या पुस्तकांत हेच नाव सापडतं.

आता खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत मक्याची कणसं खाणारी अळी होती, तिचा पतंग हुबेहूब असाच. त्यामुळे बराच काळ दोन्हींना एकच जाती मानलं गेलं. पंखांच्या रंगावर भरवसा ठेवता येत नव्हता, कारण एकाच जातीत तो पिवळसर ते तपकिरी असा बदलतो. मग अभ्यासकांनी नर-मादीचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९५३ साली ऑस्ट्रेलियात कॉमन यांनी आर्मिजेरा आणि पंक्टिजेरा या जाती वेगळ्या दाखवल्या. १९५५ साली टॉड यांनी अमेरिकेतली ‘झिया’ वेगळी काढली. १९६५ साली कॅनडाच्या हार्डविक यांनी हा सगळा गट नव्याने मांडला आणि ‘हेलिकोव्हर्पा’ ही प्रजाती केली.

हा नुसता नावांचा खेळ नव्हता. ऑस्ट्रेलियात आर्मिजेरा कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली, पंक्टिजेरा मात्र मरत राहिली. म्हणजे शेतात कोणती आहे, यावर फवारणीचा खर्च फुकट जाणार की नाही हे ठरतं. आपल्याकडे १९८७ साली आंध्रात याच आर्मिजेराने कपाशी बुडवली; फवारणीला ती जुमानत नव्हती. ब्राझीलमध्ये झिया आधीपासून होती. तिथे आर्मिजेरा आल्याचं २०१३ साली जाहीर झालं. ओळख पटवायला जननावयव आणि डीएनए दोन्ही तपासावे लागले.

गुलाबी बोंडअळीचं काय, असं तुम्ही विचाराल. ती तर या कुळातलीच नाही. तिचं कुळ गेलेचिइडी. आपण बोलताना दोघींना बोंडअळीच म्हणतो, त्याला हरकत नाही. पण नुसतं ‘बोंडअळी पडली’ म्हणून दुकानात औषध मागायला जाण्याआधी बोंड फोडून आतली अळी पाहून घेतलेली बरी.