घर्षण नको आणि घर्षण हवेही : ट्रकच्या डिफरन्शियलमधील तेलाचा इतिहास

ट्रकच्या मागील ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर लोखंडी भाग दिसतो, त्याच्या आत डिफरन्शियल असते. त्यात भरलेल्या गिअर ऑइलने दात्यांचे घर्षण आणि झीज कमी करावी, अशी अपेक्षा असते. परंतु डिफरन्शियल ‘लिमिटेड स्लिप’ प्रकारचे असेल, तर त्याच तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांना एकमेकींवर पकड हवी असते. एकाच तेलाकडून दोन परस्परविरोधी कामे करवून घेण्याची ही अडचण सोडवण्यात जवळजवळ एक शतक गेले. त्या इतिहासात देवमाशापासून बेंगळुरूच्या प्रयोगशाळेपर्यंत अनेकांचा वाटा आहे.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके निरनिराळ्या वेगाने फिरू शकतील अशी रचना वाफेच्या गाडीसाठी योजून फ्रेंच अभियंता ओनेसिफोर पेकर याने १८२८ मध्ये तिचे पेटंट घेतले. या रचनेत एक उणीव होती. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखेच पिळबल देते. त्यामुळे एक चाक चिखलात गेले की ते गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक जागचे हलत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी दोन्ही बाजूंमधील वेगाच्या फरकाला अडवणारी यंत्रणा आली. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये क्लच प्लेटा असलेले असे डिफरन्शियल आपल्या मोटारींत दिले. पुढे ट्रकांतही ही पद्धत रुळली.

दरम्यान दात्यांची रचनाही बदलली होती. १९२० च्या दशकाच्या मध्यास हायपॉइड दाते प्रचारात आले. त्यांत पिनियनचा आस क्राउनच्या मध्यापासून बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घासतही जातात. साध्या तेलाचा थर तेथे टिकेना. म्हणून तेलात गंधकयुक्त द्रव्ये मिसळली जाऊ लागली. दात्यांच्या तापलेल्या बिंदूंवर गंधक लोखंडाशी संयोग पावते आणि एक पातळ थर तयार होतो. हा थर स्वतः झिजतो आणि दाते वाचवतो.

क्लच प्लेटांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. स्थिर असताना प्लेटांमधील घर्षण सरकतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असेल, तर त्या क्षणभर चिकटतात, सुटतात आणि पुन्हा चिकटतात. वळण घेताना मागून येणारी थरथर आणि कटकट याचीच असते. त्यावर उपाय होता तो दुसऱ्या जातीच्या रेणूंचा. १९२२ मध्ये विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी दाखवले होते की, रेणूंचा अगदी पातळ थरही धातूवरील घर्षण बदलू शकतो. स्निग्धाम्लाच्या रेणूचे एक टोक धातूला घट्ट धरते आणि उरलेली शेपटी बाहेर उभी राहते. अशा रेणूंचा थर प्लेटांवर बसला की त्या हिसका न देता सरकू लागतात. अशा द्रव्यांना आज फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात.

बराच काळ या कामासाठी स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल वापरले जाई. १९७० मध्ये अमेरिकेने या प्राण्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातले आणि तेल उद्योगाला पर्याय शोधणे भाग पडले. काही पर्याय रसायनशाळेत तयार झाले, तर काही वनस्पतींतून आले. त्यांपैकी जोजोबाच्या बियांचे तेल घटनेने देवमाशाच्या तेलाशी बरेच मिळतेजुळते आहे. एका प्राण्याच्या अस्तित्वाचा प्रश्न असा गिअर ऑइलच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

मग कोणता रेणू अधिक चांगला? १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आणि अवजड वाहने बनवणाऱ्या भारत अर्थ मूव्हर्स या सार्वजनिक कंपनीचे मुख्यालय ज्या बेंगळुरूत आहे, तेथीलच भारतीय विज्ञान संस्थेत या मूलभूत प्रश्नावर काम झाले. रश्मी साहू आणि संजय बिस्वास यांचा स्निग्धाम्लांच्या पोलादावरील घर्षणाविषयीचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरळ साखळीचे स्टिअरिक आम्ल दाटीने रचले जाते, म्हणून तेच सरस ठरेल, अशी सहज अपेक्षा होती. प्रत्यक्षात १० मेगापास्कलपासून २.५ गिगापास्कलपर्यंतच्या दाबांखाली, करडईच्या तेलात विपुल असलेल्या लिनोलेइक आम्लाने घर्षण लक्षणीयरीत्या कमी ठेवले. हा अभ्यास ट्रकसाठी नव्हता. तरीही तेलातील घटक रूढ समजुतीवर न विसंबता मोजून निवडावेत, हे त्यातून स्पष्ट होते.

हाच धडा तेल निवडतानाही लागू पडतो. डब्यावरील ‘८०डब्ल्यू-९०’ हा आकडा केवळ दाटपणा सांगतो. ‘जीएल-५’ ही श्रेणी हायपॉइड दात्यांच्या संरक्षणाची खूण आहे. क्लच प्लेटांना हवे असलेले घर्षण या दोहोंपैकी कशानेही सिद्ध होत नाही. त्यासाठी तेल लिमिटेड स्लिपसाठी योग्य असल्याचा वेगळा उल्लेख हवा, किंवा वाहन उत्पादकाने सांगितलेले मॉडिफायर सांगितलेल्याच प्रमाणात मिसळायला हवे. ते कमी पडले तर प्लेटा थरथरतात आणि झिजतात. जास्त झाले तर पकडच जाते, आणि ट्रक पुन्हा चिखलात एकच चाक फिरवत उभा राहतो. केवळ दात्यांच्या जोरावर चालणाऱ्या डिफरन्शियलमध्ये क्लच प्लेटा नसतात, त्यामुळे तेथे मॉडिफायरची गरज सहसा पडत नाही. म्हणून तेलाचा डबा उघडण्याआधी त्या लोखंडी भागाच्या आत कोणती यंत्रणा आहे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेतून जाणून घेणे आवश्यक ठरते.