हवामान-संदेशवहन, लहान विमानांसाठी
उड्डाण चालू असताना लहान विमानाच्या चालकाला वारा, दृश्यमानता, मेघतळ व वादळे यांविषयीची ताजी माहिती पोहोचविण्याची व्यवस्था. निरीक्षण होणे आणि ते चालकास कळणे यांतील विलंब कमी करण्याचा प्रयत्न, हाच या व्यवस्थेचा इतिहास होय.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, तेव्हा त्यांच्या एक-एंजिनी ‘पस मॉथ’ विमानात रेडिओ नव्हता. वाटेतील हवामानाचा बदल डोळ्यांनीच ओळखावा लागे. पुढे रेडिओमुळे विमानतळावरील हवामान उड्डाणातच विचारता येऊ लागले. मुंबई केंद्रावरून ‘व्होल्मेट’ या नावाने ठराविक वेळी हवामानवृत्ते प्रक्षेपित होऊ लागली. अमेरिकेत २००० नंतर उपग्रह व भूस्थ केंद्रे यांमार्फत रडारचित्रे लहान विमानांतील पडद्यावर दिसू लागली.

तथापि अनेक रडारांची निरीक्षणे जुळवून चित्र तयार होण्यास वेळ लागतो. पडद्यावरील वेळ चित्र तयार झाल्याची असते, निरीक्षणाची नव्हे. प्रत्यक्षात माहिती १५ ते २० मिनिटे वा अधिक जुनी असू शकते, असा इशारा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने प्राणघातक अपघातांच्या तपासानंतर २०१२ मध्ये दिला. नागपूर व नांदेड यांना जोडणारी सरळ रेषा उमरखेड परिसरावरून जाते. ताशी २०० किमी. वेगाचे विमान तेथून नांदेडला सु. १८ मिनिटांत पोहोचते. तेवढ्या अवधीत वळवाचा मेघ वाढून मार्ग अडवू शकतो. म्हणून अशी चित्रे वादळ दुरूनच टाळण्यास उपयुक्त असली, तरी दोन वादळांमधून वाट काढण्यास ती विश्वसनीय नसतात.