सर मंचेरजी भावनगरी : एका टोपणनांवाची छाननी

भावनगरी हें आडनांव इंग्रजी लिपींत ज्या विचित्र रीतीनें लिहिलें जाई, तिचा फायदा घेऊन त्या गृहस्थाच्या विरोधकांनीं आडनांवाचे तुकडे पाडले आणि ‘बो-अँड-ॲग्री’, म्हणजे ‘वांका आणि होय म्हणा’, असें त्याचें नवें रूप रूढ केलें. अलंकारशास्त्रांत ज्यास सभंग श्लेष म्हणतात त्याचें हें नामी उदाहरण खरें. परंतु श्लेष हा पुरावा नव्हे. या टोपणनांवाचा धनी इ. स. १८९५ पासून १९०६ पर्यंत ब्रिटिश पार्लमेंटाच्या कॉमन्स सभेंत हुजूर पक्षाचा सभासद होता. दादाभाईंचें चरित्र आमच्याकडे आदरानें लिहिलें गेलें व तें योग्यच झालें. भावनगरींस मात्र त्या चरित्राच्या कांठावर एखादी ओळ मिळते, आणि तींतहि बहुधा हें टोपणनांवच असतें. प्रतिपक्षाच्या लेखकानें घुसडलेला पाठ मूळ म्हणून छापलेला ज्या मंडळींस पोथ्यांच्या कामांत खपत नाहीं, त्यांस तो चरित्रांतहि खपूं नये, या हेतूनें पुढील छाननी केली आहे.

भावनगरी यांचा जन्म ता. १५ ऑगस्ट १८५१ रोजीं मुंबईस एका सधन पारशी घराण्यांत झाला. भावनगर संस्थानची मुंबईंतील एजन्सी वडील मेरवानजी यांजकडे होती. एल्फिन्स्टन कॉलेजांतील अभ्यास आटोपून मंचेरजी १८७१ सालीं ‘बॉम्बे स्टेट्समन’ पत्राचे उपसंपादक झाले. पण थोड्याच दिवसांत वडील वारले आणि पत्र सोडून एजन्सीचा कारभार हातीं घेणें त्यांस भाग पडलें. लेखणी तरी त्यांनीं टाकली नाहीं. राणी व्हिक्टोरियाच्या स्कॉटलंडांतील रोजनिशीचें त्यांनीं केलेलें गुजराती भाषांतर १८७७ सालीं प्रसिद्ध झालें. १८८२ सालीं ते विलायतेस गेले, १८८५ सालीं बॅरिस्टर झाले, आणि पुढल्याच वर्षीं लंडनांत भरलेल्या वसाहतींच्या व हिंदुस्थानच्या प्रदर्शनाच्या कामीं झालेल्या श्रमांबद्दल त्यांस सी. आय. ई. ही पदवी मिळाली. भावनगरच्या न्यायखात्याची नवी मांडणी करण्यांतहि त्यांचा हात होता. दादाभाईहि एल्फिन्स्टनचेच, आणि १८७४ सालीं ते बडोद्याचे दिवाण होते. दोघे एका विद्यालयांतले, दोघांनींहि संस्थानी कारभार आंतून पाहिलेला. तरी एकाची वाट लिबरल पक्षाकडे गेली आणि दुसऱ्याची हुजूर पक्षाकडे.

कॉमन्स सभेंत बसलेला हिंदुस्थानचा पहिला मनुष्य यांपैकीं कोणीच नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. महादजी शिंद्यांच्या उत्तरेकडील कागदांत जिचें नांव वारंवार येतें त्या सरधन्याच्या समरू बेगमेचा वारस डाइस सोंबर हा १८४१ सालीं सडबरी गांवातर्फे निवडून आला होता. पण लांचलुचपतीच्या आरोपावरून ती निवडणूकच पुढील वर्षीं रद्द झाली. त्यानंतर १८८६ सालीं दादाभाई लंडनच्या होबर्न भागांतून उभे राहून पडले. त्या पराभवाचा उल्लेख करून १८८८ सालीं मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनीं, ब्रिटिश मतदारसंघ एखाद्या काळ्या मनुष्यास निवडून देईल इतके आपण पुढें गेलेलों नाहीं, अशा अर्थाचें भाषण एडिंबरो येथें केलें. तें त्यांसच महागांत पडलें, कारण त्यामुळें दादाभाईंचें नांव घरोघर झालें आणि १८९२ सालीं सेंट्रल फिन्सबरींतून अवघ्या ५ मतांच्या आधिक्यानें कां होईना, ते निवडून आले. यानंतर तीनच वर्षांनीं याच सॅलिसबरींच्या पक्षानें आपला उमेदवार म्हणून एक हिंदी मनुष्य उभा केला. (त्याच पक्षाचे ऋषि सुनक हे २०२२ सालीं मुख्य प्रधान झाले, काळाची ही कोटी कोणा विनोदी लेखकास साधली नसती.)

हुजूर पक्षाचा यांत डाव होता हें उघड आहे. दादाभाईंच्या तोंडून हिंदुस्थानची गाऱ्हाणीं पार्लमेंटांत येऊं लागलीं होतीं. तेव्हां त्यांच्याच जातीचा, त्यांच्याच शहराचा, आणि ब्रिटिश राज्य सुखाचें आहे असें सांगणारा मनुष्य त्या सभेंत असणें सोयीचें होतें. भावनगरींस मिळालेला मतदारसंघ मात्र सोयीचा नव्हता. बेथनल ग्रीन हा पूर्व लंडनांतील मजुरांचा व कारागिरांचा दरिद्री भाग. तेथील ईशान्य विभागांतून जॉर्ज हॉवेल हे कामगारसंघांचे जुने पुढारी, मूळचे गवंडी, १८८५ पासून निवडून येत होते. १८९५ च्या जुलैंत भावनगरींनीं त्यांचा १६० मतांनीं पाडाव केला. दहा वर्षें राबलेल्या आपणांस एका परक्या काळ्या मनुष्यानें हुसकावून लावलें, असा कडवट उद्गार हॉवेल यांनीं काढल्याचें प्रसिद्ध आहे. मजुरांच्या कैवाऱ्याच्या तोंडीं सॅलिसबरींचाच शब्द यावा, यावरून वर्णाचा अभिमान ही कोण्या एका पक्षाची मिरास नव्हती हें दिसतें. दुसऱ्या बाजूस, रशियांतून पळून आलेल्या यहुदी लोकांविरुद्ध याच पूर्व लंडनांत ओरड चालू होती व तिचा लाभ घेणारा पक्ष भावनगरींचाच होता. परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा १९०५ चा कायदा त्याच पक्षाच्या सरकारनें केला. पांच वर्षांनीं, १९०० सालीं, भावनगरी पुन्हां निवडून आले, आणि त्या वेळीं आधिक्य १६० वरून ३७९ वर गेलें. एकदांचा अपघात म्हणून जें सोडून देतां आलें असतें, त्याचा असा दुसरा पुरावा मिळाला.

इकडे १८९५ च्या निवडणुकींत दादाभाई पडले. राष्ट्रवादी मंडळींस हा दुहेरी आघात वाटला, आणि वरील टोपणनांव त्यांच्याच गोटांत चालू राहिलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अकरावें अधिवेशन पुण्यास सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें; पण आमच्या पुण्याचें अर्धें लक्ष सामाजिक परिषदेस मंडप द्यावा कीं न द्यावा या वादांत गुंतलें होतें. भावनगरींचा राष्ट्रीय सभेच्या चळवळीस उघड विरोध होता; ब्रिटिश अंमलावर त्यांची निष्ठा होती आणि ती त्यांनीं कधीं लपविली नाहीं. प्लेगच्या धामधुमीनें गाजलेल्या १८९७ सालीं टिळकांस राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली, आणि राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झाल्याच्या त्याच वर्षीं भावनगरी के. सी. आय. ई. होऊन ‘सर मंचेरजी’ झाले. हीं दोन टिपणें शेजारीं ठेवलीं म्हणजे महाराष्ट्रांतील वाचकास त्यांजविषयीं ममत्व कां वाटलें नाहीं, हें निराळें सांगावें लागत नाहीं. त्यांचा बचाव करण्याचें आम्हांस कारण नाहीं. औद्योगिक व धंदेशिक्षणाची हिंदुस्थानांत सोय व्हावी म्हणून ते सरकारास टोंचणी देत राहिले, एवढें त्यांच्या बाजूस जमा धरावें.

परंतु खातें येथें संपत नाहीं. दक्षिण आफ्रिकेच्या प्रकरणाचे कागद उघडले कीं टोपणनांव लागू पडेनासें होतें.

ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकानें १८८५ सालीं तिसऱ्या क्रमांकाचा एक कायदा करून हिंदी लोकांस नागरिकत्व नाकारलें, जमिनीची मालकी बंद केली, आणि त्यांच्या वस्तीसाठीं निराळ्या जागा नेमून देण्याचा अधिकार घेतला. शेजारच्या नाताळांत ब्रिटिश निशाणाखालींच करारमुक्त मजुरांवर वर्षाला ३ पौंडांचा कर बसला होता. १८९९ सालीं बोअर लोकांशीं युद्ध जुंपलें तेव्हां लॉर्ड लॅन्सडाउन यांनीं शेफील्ड येथील भाषणांत, बोअर सरकारच्या अपराधांपैकीं हिंदी प्रजेस दिलेल्या वागणुकीचाच आपणांस सर्वांत अधिक संताप येतो, असा भाव प्रकट केला. १९०२ च्या मे महिन्यांत तह झाला. आतां ट्रान्सवाल राजाचा मुलूख. हिंदी मनुष्यहि राजाचाच प्रजाजन. पण घडलें तें असें कीं, बोअर अमदानींत जो कायदा ढिलाईनें पाळला जाई तोच लॉर्ड मिल्नर यांच्या कारभारांत १९०३ च्या एप्रिलांत जाहीरनामा काढून कसोशीनें लागू करण्यांत येऊं लागला.

येथें भावनगरींची निष्ठाच त्यांस सरकारशीं भांडावयास लावते. १८५७ च्या बंडानंतर राणीनें १८५८ सालीं जो जाहीरनामा काढला, त्यांत हिंदुस्थानांतील प्रजेविषयींचीं कर्तव्यें इतर प्रजेइतकींच आपणांवर बंधनकारक आहेत, असें अभिवचन होतें. राष्ट्रीय सभेंतील जहालांस हा कागद पुढें पोकळ वाटूं लागला. दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांच्या अर्जांचा मात्र तो मुख्य आधार होता, आणि भावनगरींच्या वकिलीचाहि तोच. आमच्या वाचकांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. इनाम कमिशनापुढें आमचे इनामदार पूर्वजांच्या सनदा घेऊन उभे राहिले, तेव्हां ते बंडखोर नव्हते. सनद देणाऱ्याचा शब्द खरा मानणारे होते, आणि म्हणूनच अधिकाऱ्यांस त्यांची अडचण होई. सर मंचेरजी हे त्याच वर्गांतले. फरक एवढाच कीं त्यांची सनद छापील होती, आणि ती वाचून दाखविण्याची जागा खुद्द सनद देणाऱ्याच्या दरबारांत होती.

ते पार्लमेंटांत प्रश्न विचारीत राहिले, आणि १९०३ सालीं त्यांनीं वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांजकडे हिंदी लोकांच्या स्थितीविषयीं सविस्तर निवेदन पाठविलें. तें मिल्नर यांजकडे उत्तरासाठीं गेलें आणि त्यासंबंधाचा पत्रव्यवहार पुढचे वसाहतमंत्री आल्फ्रेड लिटल्टन यांनीं १९०४ सालीं पार्लमेंटापुढें ठेविला. हें सर्व आपल्याच पक्षाच्या सरकाराविरुद्ध चाललें होतें, ही गोष्ट विसरतां कामा नये. विरोधी बाकावरून सरकारास धारेवर धरणें सोपें, मागच्याच बाकावरून धरणें अवघड. त्याच १९०४ सालीं ट्रान्सवालच्या वरिष्ठ न्यायालयानें हिंदी व्यापाऱ्यांस नेमलेल्या वस्त्यांबाहेर व्यापार करण्याची मोकळीक आहे असा निकाल दिला. तो हिंदी पक्षाचा जय खरा, पण कोर्टांतला. मंत्र्यांकडून भावनगरींच्या पदरीं सहानुभूतीच्या शब्दांपलीकडे फारसें पडलें नाहीं.

१९०६ च्या जानेवारींत लिबरल पक्षाची लाट आली. तींत एडविन कॉर्नवॉल यांनीं बेथनल ग्रीनची जागा घेतली, आणि भावनगरी पुन्हां सभेंत गेले नाहींत. मतदारांस खूष करण्याचें किंवा मंत्र्यांस जपण्याचें कारण आतां उरलें नव्हतें. तरीहि त्याच सालच्या शेवटीं ट्रान्सवालच्या नव्या आशियाई वटहुकमाविरुद्ध गांधी व हाजी वजीर अली लंडनास आले, तेव्हां ता. ८ नोव्हेंबर रोजीं वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांस भेटलेल्या शिष्टमंडळांत दादाभाई आणि भावनगरी हे दोघेहि होते. (हे एल्गिन म्हणजे १८९७ च्या प्लेगाच्या वेळचे आमचे व्हाइसरॉयच.) अकरा वर्षांपूर्वीं ज्यांस एकमेकांचे उतारे म्हणून मांडण्यांत आलें, ते दोघे या कामांत एका बाजूस बसले. गांधींच्या त्या काळच्या पत्रव्यवहारांत सर मंचेरजींचें नांव वारंवार व आदरानें येतें. डिसेंबरांत त्या वटहुकमास मंजुरी नाकारण्यांत आली. परंतु १९०७ च्या आरंभीं ट्रान्सवालास अंतर्गत स्वराज्य मिळालें, तेथील नव्या विधिमंडळानें तोच मजकूर कायदा म्हणून मार्चांत पसार केला आणि त्या वेळीं विलायतेची मंजुरीहि मिळाली. ज्या दरबारांत सनद दाखवावयाची, त्यानें निवाडा दुसऱ्याच्या हवालीं केला! पुढचा मार्ग सत्याग्रहाचा. त्यास भावनगरींच्या शास्त्रांत सूत्र नव्हतें.

ज्या कामीं सरकारची बाजू घ्यावी असें वाटलें, त्या कामीं त्यांनीं ती शेवटपर्यंत घेतली. पहिल्या महायुद्धांत जर्मन प्रचारास उत्तर म्हणून ‘हिंदुस्थानचा निर्णय’ या अर्थाच्या नांवाचें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९१६ सालीं निघालें, तें संपूर्ण राजनिष्ठ आहे. यूरोपांतील पारशी संघाचे ते अनेक वर्षें अध्यक्ष होते. १९२२ सालीं बॅटरसींतून शापुरजी सकलातवाला हे निवडून आले. म्हणजे मुंबईच्या पारशी समाजानें कॉमन्स सभेस एक लिबरल, एक हुजूरपक्षी व एक कम्युनिस्ट असे तीन सभासद दिले. ता. १४ नोव्हेंबर १९३३ रोजीं भावनगरी लंडनांत वारले.

१८८८ सालीं वारलेल्या बहिणीच्या स्मरणार्थ त्यांनीं लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटच्या इमारतींत एक मोठें दालन बांधविलें होतें. ती इमारत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाडण्यांत आली. आतां तिचा मनोरा तेवढा उभा आहे. पार्लमेंटांतील त्यांचीं भाषणें व प्रश्न छापील वृत्तांतांत मिळतात, त्यामुळें त्यांविषयीं चिंता नाहीं. भावनगरच्या मुंबईंतील एजन्सीचा १८७० नंतरच्या दशकांतील गुजराती पत्रव्यवहार किंवा राणीच्या रोजनिशीच्या भाषांतराची मूळ आवृत्ति ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तिची नकल अगर निदान यादी या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी.