मिरजेचे मिशन हॉस्पिटल

पटवर्धनांचे संस्थान, मीरासाहेबांचा दर्गा आणि तंतुवाद्ये यांसाठी विख्यात असलेल्या मिरजेस रुग्णांचे क्षेत्र ही आणखी एक कीर्ती लाभली, ती कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनच्या शल्यविशारदामुळे. १८९४ साली त्यांनी तेथे रुग्णालय उघडले, तेव्हा भोवतालच्या खेड्यांतील रयतेला वैदू, सुईण आणि अंगारा यांपलीकडे फारसा आधार नव्हता. सरकारी दवाखाना असलाच तर तो कसब्यात, आणि तेथे डॉक्टरापेक्षा पट्टेवाल्याचीच दहशत अधिक. मोतीबिंदूने अंध होऊन ओसरीवर दिवस कंठणारे वृद्ध बैलगाडीने, रेल्वेने, कर्नाटकातूनदेखील मिरजेस येऊ लागले. ऐपतदारांनी दिलेल्या शुल्कातून दरिद्री रुग्णांचा भार पुष्कळसा हलका होई. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु बहुसंख्य रुग्णांनी औषध तेवढे घेतले आणि उपदेश तेथेच ठेवला, असे दिसते. वानलेस यांची खरी दूरदृष्टी, माझ्या मते, शस्त्रक्रियांहूनही एतद्देशीय तरुणांना वैद्यक शिकविण्यासाठी त्यांनी काढलेल्या शाळेत होती. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम असा व्याप वाढत गेला. १९२८ मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ केले, आणि लोकांनी, कोणत्याही फर्मानावाचून, आरोग्यधामाच्या परिसरास वानलेसवाडी म्हटले.